प्लेट हीट एक्स्चेंजरची आकारनिश्चिती : मराठवाड्यातील शीतकरण व्यवस्थांच्या संदर्भात प्रचलित पद्धतीची चिकित्सा

प्रास्ताविक

वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा येथील एखाद्या कारखान्याला शीतकरणासाठी प्लेट हीट एक्स्चेंजर घ्यावयाचा असेल, तर प्रथम एक चौकशीपत्रक भरावे लागते. त्यात उष्णताभार, दोन्ही बाजूंची आत येणारी व बाहेर जाणारी तापमाने, चालू शकणारी दाबघट आणि पाण्याचा प्रकार असे मोजकेच रकाने असतात. हे पत्रक उत्पादकाकडे जाते. उत्पादक ते आपल्या संगणकीय प्रणालीत घालतो आणि काही मिनिटांत प्लेटांची संख्या, त्यांची जात आणि किंमत परत येते. मिळालेल्या उत्तराची शहानिशा करण्याचे साधन ग्राहकाजवळ नसते. कारण विशिष्ट नक्षीच्या प्लेटवर उष्णतेचे वहन किती होते याची समीकरणे ज्याची त्याने स्वतःजवळ राखलेली असतात. होल्गर मार्टिन यांनी १९९६ साली नागमोडी नक्षीच्या प्लेटांसाठी सैद्धान्तिक सूत्र मांडल्यानंतर अंदाज बांधणे काहीसे सुकर झाले. तथापि आपल्या अभ्यासक्रमापर्यंत ते क्वचितच पोहोचले आहे.

प्रस्तुत लेखाचा आक्षेप उत्पादकाच्या प्रणालीवर नाही. ती जे विचारले त्याचे उत्तर बहुधा बरोबरच देते. आक्षेप आहे तो रकान्यांत भरल्या जाणाऱ्या आकड्यांवर, आणि ते आकडे जेथून उचलले जातात त्या अध्यापनपरंपरेवर. हे आकडे एका वेगळ्या यंत्रासाठी, वेगळ्या हवामानात आणि पाण्याची चणचण नसलेल्या प्रदेशात तयार झाले. मराठवाड्यात ते जसेच्या तसे वापरल्याने केवळ यंत्र महाग होते असे नाही, तर ते लवकर तुंबते आणि पाणीही अधिक खाते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

यंत्राचे कुळ

प्लेट हीट एक्स्चेंजर, ज्यास परिभाषेत उष्णता-विनिमयक म्हटले जाते पण कारखान्यात कोणी तसे म्हणत नाही, तो मुळात दुग्धव्यवसायाचे अपत्य. इंग्लंडमधील ‘ॲल्युमिनियम प्लँट अँड व्हेसल’ कंपनीचे संस्थापक डॉ. रिचर्ड सेलिगमन यांनी १९२३ साली तो प्रचारात आणला. दूध तापवून लगेच थंड करावयाचे, आणि ज्या पृष्ठभागास दूध लागते तो रोज उघडून धुता यावा, ही त्यामागची गरज होती. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचे नक्षीदार पत्रे, त्यांच्या कडेला रबरी गॅस्केट आणि सर्व एकत्र आवळणारे बोल्ट एवढीच त्याची रचना. दोन प्लेटांमधील फट काही मिलिमीटरांचीच असते. नक्षीमुळे पाणी सतत वळसे घेते आणि नळीत ज्या वेगाला प्रवाह संथ राहिला असता त्या वेगालाही येथे तो खळबळलेला असतो. म्हणूनच पाणी-ते-पाणी कामात नळ्यांच्या यंत्राचा उष्णतावहन गुणांक १००० वॅट प्रति चौ. मी. केल्विनच्या घरात असताना प्लेटांचा सहज ४००० पर्यंत जातो.

उघडून धुता येणे आणि प्रवाहाची खळबळ हे दोन गुण ध्यानात ठेवावयास हवेत. आकारनिश्चितीच्या प्रचलित पद्धतीत नेमके हेच दोन गुण विसरले जातात.

केर्न यांचा ग्रंथ आणि मळाचा गुणांक

भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत उष्णता-विनिमयकाचा विषय आजही ज्या चौकटीत शिकविला जातो, ती मोठ्या प्रमाणावर डोनाल्ड केर्न यांच्या १९५० सालच्या ‘प्रोसेस हीट ट्रान्सफर’ या ग्रंथाने घालून दिलेली आहे. ग्रंथाची योग्यता वादातीत आहे. नळ्यांच्या विनिमयकाची आकारनिश्चिती इतक्या सोदाहरण पद्धतीने त्यापूर्वी कोणी मांडली नव्हती. पृष्ठभागावर कालांतराने जो मळ बसतो त्याचा रोध हिशेबात धरण्यासाठी त्यांनी नळ्यांच्या विनिमयकांच्या उत्पादकांची अमेरिकन संघटना ‘टेमा’ हिचे कोष्टक दिले. हे गुणांक कशासाठी आहेत हेही त्यांनी स्पष्ट केले आहे : साधारण वर्ष-दीड वर्ष यंत्र न उघडता त्याने ठरलेले काम द्यावे यासाठी. म्हणजे या आकड्यांत साफसफाईचा एक विशिष्ट कालावधी आणि एक विशिष्ट यंत्र गृहीत आहे.

आपल्याकडे आकडा टिकला, त्यामागचे गृहीत मात्र गळून पडले. कूलिंग टॉवरच्या प्रक्रिया केलेल्या पाण्यासाठी ब्रिटिश एककांत ०.००१, म्हणजे ०.०००१७६ चौ. मी. केल्विन प्रति वॅट, हा गुणांक विद्यार्थ्याला पाठ असतो आणि पुढे नोकरीत तोच तो चौकशीपत्रकात लिहितो. याचा परिणाम किती विषम होतो हे साध्या गणिताने दिसेल. नळ्यांच्या यंत्राचा स्वच्छ स्थितीतील गुणांक १००० धरला तर त्याचा रोध ०.००१ होतो. त्यात ०.०००१७६ मिळविल्यास क्षेत्रफळ सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, आणि ही वाढ वाजवी म्हणता येईल. प्लेटच्या यंत्राचा गुणांक ४००० आहे, म्हणजे मूळ रोध अवघा ०.०००२५. त्यात तोच आकडा मिळविताच क्षेत्रफळ ७० टक्क्यांनी वाढते. मळ तोच आणि पाणीही तेच असताना एका यंत्राला अठरा टक्के भुर्दंड पडतो, तर दुसऱ्याला सत्तर. यंत्र जितके कार्यक्षम तितका दंड मोठा, असा हा उफराटा न्याय आहे.

येथे कोणी म्हणेल की, जादा क्षेत्रफळ असले तर बिघडले कोठे? फार तर यंत्र महाग पडेल, पण चालेल निर्धोक. हा समज सार्वत्रिक आहे आणि लेखाचा मुख्य आक्षेप त्यावरच आहे. नळ्यांच्या यंत्रात तो काही अंशी खरा असेलही. प्लेटच्या यंत्रात तो टिकत नाही, कारण येथे प्लेट वाढविणे म्हणजे पाण्याला समांतर वाटा वाढवून देणे होय. एकूण प्रवाह तोच राहून वाटा १.७ पट झाल्या की प्रत्येक वाटेतील वेग ५९ टक्क्यांवर येतो. वेग उतरला की उष्णतावहन उतरते. पाण्याच्या थराचा गुणांक वेगाच्या साधारण दोन-तृतीयांश घाताने बदलतो असे धरले, तर ७० टक्के जादा प्लेट लावून प्रत्यक्षात क्षमता वाढते ती वीस ते पंचवीस टक्केच. उरलेले पोलाद केवळ वजन वाढविते.

याहून गंभीर बाब पुढे आहे. प्लेटवर बसू पाहणारा गाळ आणि शेवाळ खरवडून नेण्याचे काम पाण्याची भिंतीवरील घासण करीत असते, आणि ती वेगाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग ५९ टक्क्यांवर आला की घासण सुमारे ४० टक्क्यांवर येते. मळाची भीती म्हणून वाढविलेले क्षेत्रफळच मळाला बसावयास जागा करून देते, आणि वर्षभराने यंत्र उघडल्यावर तो मळ दाखवून ‘बघा, गुणांक धरला ते बरे झाले’ असे म्हटले जाते. भाकिताने स्वतःलाच खरे करून घ्यावे तसा हा प्रकार आहे. प्लेटचे उत्पादक म्हणूनच टेमाचे कोष्टक न वापरता बहुधा १० ते २० टक्के जादा क्षेत्र सुचवितात. मात्र ग्राहकाने पत्रकात ०.०००१७६ असा आकडा लिहून दिलाच, तर तो नाकारण्यात विक्रेत्याचे हित नसते, हेही समजण्यासारखे आहे.

दाबघटीच्या रकान्याची कथा हीच. पंपाचा खर्च वाचावा म्हणून तेथे २० किंवा ३० किलोपास्कल लिहिण्याची रीत आहे. काही कामे क्षेत्रफळावर अडतात, काही दाबावर. दाबावर अडलेल्या कामात मंजूर दाबघट ३० वरून ७० केली तर प्लेटांची संख्या लक्षणीय घटते आणि घासण टिकून राहते. याचा खर्च नाही असे नव्हे. ताशी ५२ घनमीटर प्रवाहासाठी ही जादा ४० किलोपास्कल सुमारे एक किलोवॅट वीज अखंड मागते, म्हणजे वर्षाला आठ हजार युनिटांच्या आसपास. हा खर्च साफसफाईच्या आणि बंद काळाच्या खर्चासमोर मांडून निर्णय व्हावा, एवढेच म्हणणे आहे. सध्या तो मांडलाच जात नाही.

कोणत्या महिन्याचे तापमान?

आता तापमानांचे रकाने. समजा, एका कारखान्यातील बंद फेऱ्याचे पाणी ४० अंशांवरून ३५ अंशांवर आणावयाचे आहे आणि भार ३०० किलोवॅट आहे. दोन्ही बाजूंचा प्रवाह समान, सेकंदाला सुमारे १४.४ किलो. टॉवरचे पाणी ३० अंशांवर येऊन ३५ वर परत जात असेल, तर दोन्ही टोकांना पाच अंशांचे अंतर राहते आणि ४००० या गुणांकाने १५ चौ. मी. क्षेत्रफळ पुरते. टॉवरचे पाणी ३२ अंशांचे धरले की अंतर तीन अंश उरते आणि क्षेत्रफळ २५ होते. ३३ धरले तर ३७.५. प्रत्यक्षात काम कठीण होत गेले की प्लेटची नक्षीही बदलावी लागते, त्यामुळे आकडे थोडे हलतील. परंतु तीन अंशांच्या गृहीतकाने यंत्र अडीच पट होते ही गोष्ट हलत नाही. लघुगणकीय मध्यमान तापमानांतराचे सूत्र विद्यार्थ्यांकडून वीस वेळा सोडवून घेतले जाते, पण त्याच्या छेदस्थानी असलेला हा संवेदनशील आकडा कोठून आणावयाचा याविषयी एक तासही खर्ची पडत नाही.

३२ हा आकडा सर्रास लिहिला जातो. छत्रपती संभाजीनगरच्या संदर्भात त्याचे समर्थन मे महिन्याच्या उन्हाळ्याने करण्यात येते. ४१ अंशांच्या उन्हात टॉवर तरी पाणी किती थंड करणार, असा हा युक्तिवाद. तो भौतिकशास्त्राला धरून नाही. कूलिंग टॉवरची मर्यादा हवेच्या साध्या तापमानाने ठरत नाही, वेट बल्ब तापमानाने ठरते. मे महिन्याच्या दुपारी ४१ अंश तापमान आणि १८ टक्के सापेक्ष आर्द्रता असेल तर वेट बल्ब तापमान २२ अंशांच्या आसपास असते. जुलैमध्ये २९ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर ते २६ पर्यंत चढते. चार अंशांची जवळीक साधणारा टॉवर मे महिन्यात २६ ते २७ अंशांचे पाणी देईल आणि जुलैत ३० अंशांचे. म्हणजे ज्या महिन्यात घामाने जीव हैराण होतो पण ऊन नसते, तोच टॉवरचा खरा कसोटीचा काळ. घरातला डेझर्ट कूलर मे महिन्यात उत्तम चालतो आणि जुलैत नुसता दमटपणा वाढवितो, हा मराठवाड्यातील प्रत्येक घराचा अनुभव आहे. तोच नियम कारखान्याच्या टॉवरला लागू आहे.

उलट बाजूस, यंत्रांचा उष्णताभार बहुधा मे महिन्यात अधिक असतो. भाराचे शिखर एका ऋतूत, टॉवरची दुर्बलता दुसऱ्या ऋतूत. पत्रक भरणारा मात्र दोन्ही वाईट गोष्टी एकाच दिवशी घडतील असे धरतो. मग भारावर १० टक्के जादा, तापमानात दोन अंश जादा, वर मळाचा गुणांक, अशी भर पडत जाऊन १५ चौ. मी. चे काम ४७ चौ. मी. वर पोहोचते. यातील प्रत्येक भर सुटी पाहिली तर सावधपणाची वाटते, आणि ती घालणारी माणसेही बहुधा वेगवेगळी असतात. आधीच्याने किती भर घातली हे पुढच्याला माहीत नसते.

पाण्याचा प्रश्न

मळाचा प्रश्न मुळात क्षेत्रफळाचा नाही, पाण्याचा आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकातून येणारे बोअरचे पाणी पुष्कळदा दुष्फेन असते. कॅल्शियम कार्बोनेटचे वैशिष्ट्य असे की पाणी तापले की त्याची विद्राव्यता घटते. म्हणून क्षारांचा थर टॉवरच्या थंड हौदापेक्षा प्लेटच्या उष्ण टोकाला आधी धरतो. त्यावर उपाय पाण्याच्या प्रक्रियेत आणि प्लेटचे तापमान मर्यादेत ठेवण्यात आहे. चाळीस प्लेटांच्या जागी सत्तर लावण्यात नाही.

३०० किलोवॅट उष्णता सर्वस्वी बाष्पीभवनाने घालवायची तर ताशी सुमारे ४४४ लिटर, म्हणजे दिवसाला साडेदहा हजार लिटरांहून थोडे अधिक पाणी हवेत जाते. ते अटळ आहे. त्याखेरीज क्षार साठू नयेत म्हणून काही पाणी मुद्दाम सोडून द्यावे लागते, ज्यास कारखान्यात ब्लोडाऊन म्हणतात. पाण्यातील क्षार मूळच्या तिप्पट होऊ दिले, म्हणजे सीओसी ३ ठेवला, तर दिवसाची एकूण गरज १६ हजार लिटर होते. सीओसी ६ पर्यंत नेता आला तर ती १२,८०० वर येते. दिवसाला ३,२०० लिटरांचा हा फरक आहे, आणि भार अवघा ३०० किलोवॅटचा. मात्र सीओसी वाढविताना पाण्यातील क्लोराइडही त्याच पटीने वाढते आणि गॅस्केटखालच्या सांदीत स्टेनलेस स्टीलच्या प्लेटला भोके पाडते. तेव्हा ३०४, ३१६ की टायटॅनियम, हा धातूचा निर्णय पाण्याच्या निर्णयापासून अलग करता येत नाही. पत्रकातील ‘पाण्याचा प्रकार’ या रकान्यात ‘टॉवर वॉटर’ असे दोन शब्द लिहून भागविले जाते, तेथे खरे तर क्लोराइड, कठीणता आणि अपेक्षित सीओसी हे तीन आकडे हवेत.

याला चैन म्हणता येणार नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात जायकवाडीचा उपयुक्त साठा संपला होता. त्या वर्षी एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या तत्कालीन औरंगाबाद येथील खंडपीठाने मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात प्रथम पन्नास आणि पुढे साठ टक्के कपात करण्याचा आदेश दिला, आणि इतर उद्योगांनाही कपात सोसावी लागली. त्या काळात वृत्तपत्रांतून चर्चा झाली ती बिअरमध्ये किती पाणी जाते याची. शीतकरणात किती जाते याची चर्चा फारशी झाली नाही. वस्तुतः पेयात उतरणारे पाणी उत्पादनाशी बांधलेले असते. शीतकरणाच्या पाण्याचे प्रमाण मात्र अभियंत्याच्या हाती असते.

हिवाळ्याचा विचार केला तर ही गोष्ट अधिक ठळक होते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तापमान १० ते १२ अंशांच्या आसपास असते आणि दुपारही तीस अंशांच्या फारशी वर जात नाही. ४० अंशांचे पाणी ३५ वर आणावयास अशी कोरडी हवा पुरेशी आहे. बंद फेऱ्याचे पाणी आधी कोरड्या कूलरमधून आणि मग प्लेट हीट एक्स्चेंजरमधून नेले, तर हिवाळ्याचे १२० दिवस टॉवर बंद ठेवता येईल. वरील उदाहरणात ही बचत १५ लाख लिटरांहून अधिक भरते. पंख्यांची वीज लागेल, कूलरची किंमत पडेल, हे मान्य. पण अशी व्यवस्था करावयाची तर प्लेटच्या यंत्राला वर्षभरात वेगवेगळ्या प्रवाहांवर चालावे लागेल, आणि तिप्पट क्षेत्रफळाचे यंत्र अर्ध्या प्रवाहावर चालविले तर त्यातील वेग नाममात्र उरेल. शिवाय टॉवर बंद असताना प्लेटांमध्ये साचून राहिलेले पाणी काढून टाकावे लागते, अन्यथा गंज आणि शेवाळ दोन्ही धरतात. चौकशीपत्रकात ऋतूंसाठी रकानाच नसल्याने यांपैकी काहीही उत्पादकापर्यंत पोहोचत नाही.

शहरातील पाणचक्कीचा उल्लेख येथे अप्रस्तुत होणार नाही. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या परिसरातील या वास्तूत डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणलेले आहे. तेथील मोठ्या हौदाचा तळ हा खालच्या दालनाचे छत आहे आणि त्यामुळे ते दालन उन्हाळ्यात थंड राहते. तापमानाचे अंतर अल्प, पाण्याचा वेग मंद, म्हणून पृष्ठभाग विस्तीर्ण. बांधणाऱ्यांनी सूत्र मांडले नसेल, पण स्थळ, पाणी आणि ऋतू यांच्याकडे पाहून आकार ठरविला होता. आपल्या पर्यटनविषयक लेखनात पाणचक्कीच्या जात्याचे कौतुक पुष्कळ होते, या छताचे मात्र क्वचितच.

प्रयोगशाळेत काय करता येईल

महाविद्यालयीन प्रयोगशाळांत उष्णता-विनिमयकाचा प्रयोग म्हणजे बहुधा एकात एक बसविलेल्या दोन नळ्या, एक गीझर आणि चार तापमापक. समदिश व विरुद्धदिश प्रवाहांची तुलना करून विद्यार्थी वही पुरी करतो. या प्रयोगाला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र त्यात पाणी नळाचे, नळी स्वच्छ आणि वेळ अर्ध्या तासाची असते, त्यामुळे मळ, दाबघट आणि ऋतू हे आकारनिश्चितीचे तिन्ही खरे प्रश्न प्रयोगाबाहेर राहतात. परिसरातील एखाद्या कारखान्याच्या सहकार्याने चालू यंत्राची नोंद ठेवणे याहून स्वस्त आहे. चार तापमाने, दोन प्रवाह आणि दोन्ही बाजूंची दाबघट एवढेच मोजावयाचे. मोजलेल्या गुणांकाच्या व्यस्तातून स्वच्छ स्थितीतील गुणांकाचा व्यस्त वजा केला की त्या पाण्याचा, त्या यंत्रातील मळाचा रोध हाती येतो. यंत्र उघडून धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी पहिली नोंद घ्यावी लागेल, कारण स्वच्छ स्थितीतील गुणांक नंतर मिळत नाही. अंतर अवघे तीन ते पाच अंशांचे असल्याने तापमापकांतील अर्ध्या अंशाची चूकही निकाल दहा-पंधरा टक्क्यांनी हलविते. म्हणून चारही तापमापक आधी एकाच भांड्यात ठेवून परस्परांशी जुळवून घ्यावेत. पुढील नोंदी दर महिन्याला, यंत्रे पूर्ण भारावर असताना घ्याव्यात, आणि त्यात मे व जुलै हे दोन महिने सुट्टी किंवा प्रवेशप्रक्रियेच्या कारणाने वगळले जाणार नाहीत अशी आखणी वर्षारंभीच करावी लागेल.